चौतीस वर्षं न हललेला डोंगर

नेड्रा कोलफॅक्सनं चौतीस वर्षं एकाच डोंगराच्या पायथ्याशी एकच माप घेतलं. हॅलोरन डोंगराच्या पायथ्याला जमिनीत एक जुनी भेग होती. भेगेच्या अलीकडे सात आणि पलीकडे सात, अशा चौदा पितळी खुणा खडकात बसवलेल्या. दर सप्टेंबरात तिपाईवर दुर्बीण लावायची, दुसऱ्या माणसानं एकेका खुणेवर मापकाठी सरळ धरायची, आणि काठीवरचा आकडा वाचायचा. गेल्या वर्षीपेक्षा डोंगराकडच्या खुणा केसभर वर गेल्या का, खोऱ्याकडच्या खाली बसल्या का, एवढंच पाहायचं. काम दोन दिवसांचं. चौतीस वर्षांत उत्तर एकच आलं : नाही.

काठी धरायला पहिल्या वर्षी तिच्या भूगर्भ खात्याच्या ऑफिसनं एक माणूस दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उन्हाला कंटाळून गाडीत जाऊन बसला, तो उठलाच नाही. तेव्हा चाळीस पावलांवरच्या दगडी घरातून एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस चालत आला आणि काही न विचारता त्यानं काठी हातात घेतली. "मी धरतो," तो म्हणाला. "मेंढ्यांमागे नुसतं उभं राहण्यात माझा जन्म गेलाय. तुझ्या काठीमागे एक दिवस उभा राहिलो तर काय बिघडलं?"

तो पेयो एचार्ट. पिरेनीज पर्वतातल्या एका बास्क खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी नेवाडात मेंढ्या राखायला आलेला. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. दगडी घर त्यानं आणि त्याची बायको कॅटालिन हिनं आपल्या हातांनी रचलं होतं. दगडावर दगड, मधे चुना आणि माती. त्यात लोखंडाची एक सळई नव्हती. नेड्रा त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती आणि पेयो सत्तेचाळीसचा. त्या दिवसानंतर ऑफिसला माणूस मागायची वेळ तिच्यावर आली नाही.

दुपारी दोघं घराच्या सावलीत जेवायची. कॅटालिन घमेल्याएवढ्या लोखंडी भांड्यात भाजलेला पाव आणि घेवडा घातलेलं मटण आणून ठेवायची. पेयो खिशातला चाकू काढून पावाच्या पाठीवर क्रूस ओढायचा आणि मगच कापायचा.

"काय बाई, वाढला का डोंगर?"

"नाही."

"खुरटलाय मेला. चारापाणी कर की त्याचं काहीतरी."

एकदा, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, त्यानं विचारलं, "आमच्या गावचे डोंगर कसे झाले मग? तेही असेच रुसून बसले होते का?"

"ते टकरीतून झाले," नेड्रा म्हणाली. "पृथ्वीचं कवच अखंड नाही, पेयो. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सरकतात. नखं वाढतात ना, तितक्या सावकाश. तुमच्याकडे एका बाजूनं स्पेनचा तुकडा आला, दुसऱ्या बाजूनं फ्रान्सचा. कुणीच मागे हटेना. मग मधल्या थरांना घड्या पडल्या आणि त्या वर उचलल्या गेल्या."

"एडक्यांची झुंज!" पेयोला पटलं. "शिंगाला शिंग भिडलं की मानेच्या कातड्याला वळ्या पडतात, तसं. म्हणूनच वरच्या कड्यात शिंपले सापडायचे. आमचा पाद्री म्हणायचा, नोहाच्या पुरातले आहेत."

"मधे समुद्र होता. तो चिरडला."

"आणि हा?" त्यानं पाठीमागच्या उभ्या कड्याकडे अंगठा केला.

"हा उलटा. इथं टक्कर नाही, इथं ओढाताण आहे. नेवाडाची सगळी जमीन पूर्वेला आणि पश्चिमेला ताणली जातेय. ताणली की पातळ होते, पातळ झाली की तडकते. तुकडे पडतात. एक तुकडा कलतो, त्याची कड वर येते, शेजारचा खाली बसतो. वर आला तो डोंगर, बसलं ते खोरं."

"खुंट्या मारून वाळत घातलेलं कातडं," पेयो म्हणाला. "जास्त ताणलं की टर्रकन फाटतं."

"हो. पण रोज थोडंथोडं नाही फाटत. हजारो वर्षं भेग दातओठ खाऊन धरून बसते. आणि मग एका दिवशी दहा सेकंदांत डोंगर माणूसभर वर."

पेयोनं पाव चावता चावता विचार केला. त्याचा भाऊ बेन्यात उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात, एका बर्फाळ डोंगराखाली मेंढ्या पाळून होता. "आणि बेन्यातचा तो धूर सोडणारा?"

"तिथं समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतोय. खूप खोल गेला की त्याच्यात मुरलेलं पाणी सुटतं, त्या पाण्यानं वरचा खडक वितळतो, आणि तो रस वर येऊन साचतो. तो डोंगर म्हणजे चुलीवरचं पातेलं."

"बेन्यातला अक्कल कमीच. पातेल्याखाली कुणी घर बांधतं का?"

"तुम्ही कुठं बांधलंय ते बघा आधी."

कॅटालिन खो खो हसली. पेयोही हसला. मग म्हणाला, "आणि तुझ्याकडचे गं? पेनसिल्व्हेनियाचे?"

"तेही टकरीचेच. पण टक्कर संपली त्याला पंचवीस कोटी वर्षं झाली. एके काळी खूप उंच होते म्हणतात. आता झिजून टेकाडं उरलीत. माझी आई अजून त्यांना डोंगर म्हणते."

"दमलेत बिचारे," पेयो म्हणाला.

पुढे एका वर्षी नेड्रानं भेगेवर आडवा खंदक खणला. आठवडाभर मातीचे थर खरवडले आणि काढलं एवढंच, की इथला शेवटचा मोठा भूकंप पाचेक हजार वर्षांपूर्वी झाला होता. पेयो खंदकाच्या काठावर बसून सगळं पाहत होता. "म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढलास," तो म्हणाला. तिनं त्याला समजावलं की हा उंदीर नव्हे, पाच हजार वर्षांचा ताण इथं साचून आहे, आणि तुमचं घर त्याच्यापासून चाळीस पावलांवर आहे. हे ती दर वर्षी सांगायची. तो दर वर्षी मान डोलावून वाईन ओतायचा.

अशी वर्षं गेली. बेन्यात गेला. बत्तिसाव्या वर्षी कॅटालिनही गेली. नेड्राची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं नेड्रानं केलं आणि मग तीही गेली. नेड्राचे गुडघे गेले. ऑफिसात नवी पोरं आली, त्यांनी डोंगरमाथ्यांवर उपग्रहांशी बोलणारी यंत्रं बसवली. ती यंत्रं बसल्या जागी, रात्रंदिवस, पाऊण राज्याची हालचाल मोजत होती. चौतिसाव्या वर्षी ऑगस्टात नेड्राला चिठ्ठी आली : हॅलोरनचं मोजमाप यंदा शेवटचं. डिसेंबरात ती निवृत्त होणारच होती. चिठ्ठी वाचून तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला फक्त असं वाटलं, की बरं झालं, पुढल्या वर्षी ती तिपाई उचलायला नको.

सप्टेंबरात ती गेली. पेयो ऐंशीचा झाला होता. काठी त्याच्या हातात थरथरायची, त्यामुळे एकेक आकडा तिला तीन-तीनदा वाचावा लागला. दोन दिवसांच्या कामाला चार दिवस लागले. दर खुणेवर तो आधी काठी टेकवायचा, मग काठीवर स्वतः टेकायचा. तिला काठी सरळ धरा म्हणायचंही जिवावर आलं.

शेवटच्या दुपारी पेयोची मुलगी मेलिस टेनंटहून आली. टेनंट चाळीस मैलांवरचं गाव. मेलिस तिथं शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पन्नाशीची, कष्टाळू, बापासारखीच रुंद. पेयो बाहेर बाकावर डुलक्या घेत होता. मेलिस बापाला बास्क भाषेत आइता म्हणायची. भांडी घासता घासता ती म्हणाली, "आइताला घेऊन जायचं म्हणते मी माझ्याकडे. एकटा किती दिवस राहील? पण ऐकत नाही. नेड्रा, तुम्हाला यातलं कळतं. खरं सांगा, हे घर पडेल का?"

नेड्रा टेबलाशी बसली होती. गुडघ्यावर बर्फाचं फडकं धरलेलं. खरं उत्तर लांबलचक होतं. भेग उद्या फाटेल, किंवा आणखी हजार वर्षं फाटणार नाही. फाटली तर हे घर बहुधा पडेल. टेनंटमधली घरं कुठल्या भेगेजवळ आहेत ते कुणी कधी पाहिलेलंच नाही. हे सगळं ती आयुष्यभर सांगत आली होती, शेतकऱ्यांना, खाणवाल्यांना, आमदारांना, आणि ते संपायच्या आतच माणसांचे डोळे दुसरीकडे वळताना तिनं पाहिले होते. त्या दुपारी तिच्यात तेवढं बळ नव्हतं.

"माझे वडील असते," ती म्हणाली, "तर एक रात्रही इथं ठेवले नसते."

मेलिसनं हात पुसले. "बस्स. एवढंच हवं होतं मला."

ऑक्टोबरात पेयो टेनंटला गेला. उरलेल्या मेंढ्या शेजाऱ्याला दिल्या. जाताना त्यानं नेड्राला फोन केला. "बाई, तू जिंकलीस," म्हणाला आणि फोन ठेवला. नेड्रानंही रिसीव्हर ठेवला. तिला हायसं वाटलं होतं. आणखीही काहीतरी वाटलं होतं, पण ते काय ते बघायचं तिनं टाळलं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रीनोतल्या तिच्या स्वयंपाकघरात छताचा दिवा हलायला लागला. किती वेळ हलतो ते तिनं सवयीनं मोजलं. भूकंप लांबचा आहे आणि मोठा आहे, एवढं तिला कळलं. तिनं रेडिओ लावला. हॅलोरन, हॅलोरन, असं ती मनात म्हणत होती, आणि पेयो तिथं नाही म्हणून मनातल्या मनात सुस्कारा टाकत होती. वीस मिनिटांनी रेडिओवर गावाचं नाव आलं. टेनंट.

टेनंटच्या मागे ऑक्सबोच्या टेकड्या होत्या. बुटक्या, गवताळ, गोल पाठीच्या. त्यांना कुणी डोंगर म्हणत नसे. नेड्रा चौतीस वर्षं त्यांच्या पायथ्याशी थांबून गाडीत पेट्रोल भरायची, सँडविच घ्यायची आणि पुढे निघायची. तिथं एकही पितळी खूण नव्हती. एक खंदक कुणी खणला नव्हता. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी जमीन अकरा मैल फाटली होती, आणि टेकड्या हातभर वर आल्या होत्या.

मेलिसचं घर लाकडी होतं, ते उभं राहिलं. पण त्याचं धुराडं विटांचं होतं. पेयो सवयीप्रमाणे पहाटे उठून शेगडीजवळ कॉफी घेऊन बसला होता. धुराडं आत कोसळलं.

एल्कोच्या हॉस्पिटलात नेड्रा पोचली तेव्हा गुरुवार उजाडला होता. रस्ते बंद होते, ती लांबून वळसा घालून आली. मेलिस वरच्या मजल्यावर, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली होती. एका हाताला पट्टी, अंगात कुणाचा तरी मोठा कोट.

"आलात," ती म्हणाली. "मला वाटलं फोन कराल."

"फोनवर काय बोलणार होते?"

"इथं काय बोलणार आहात?"

नेड्राला बसायचं होतं, गुडघे पेटले होते, पण शेजारच्या खुर्चीवर मेलिसची पिशवी होती आणि मेलिसनं ती उचलली नाही.

"खुब्याचं हाड मोडलंय," मेलिस म्हणाली. "काल सळई घातली. फासळ्या वेगळ्याच. डॉक्टर म्हणतात, या वयात... पुढचं त्यांनी मला पुरं करू दिलं." तिनं नाक पुसलं. "शेजारच्या माणसाला पाठवलं होतं मी जुन्या घराकडे. माहीत आहे काय झालंय तिथं? एक कप फुटलाय. फळीवरून पडून. एक कप, नेड्रा."

"मेलिस, मी—"

"मी महिनाभर भांडले त्याच्याशी. तो म्हणायचा, माझ्या कॅटालिनच्या घरातून मला हलवू नका. मी तुमचं वाक्य तोंडावर मारायचे. नेड्रा म्हणते. नेड्राचे वडील असते तर. रोज. शेवटी तो भांडायचाच थांबला." ती उठली. "जा आत. तुमची वाट बघतोय तो. का, ते मला विचारू नका."

पेयो पलंगात एवढासा झाला होता. भुवई फुटून शिवलेली. डोळे मात्र उघडे होते.

"ये बाई. बस. वाढला म्हणे डोंगर."

"दुसरा वाढला."

"ते ऐकलं मी." त्यानं श्वास घेतला, फासळ्यांनी तो अर्ध्यात अडवला. "तू गं आपली एका दारात राखण करत बसलीस, आणि लांडगा मागल्या दारानं आला."

नेड्रा पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. गाडीत सहा तास तिनं काय बोलायचं ते जुळवलं होतं. जमिनीचं काही सांगता येत नाही, आजवरच्या माहितीनुसार सल्ला योग्यच होता, वगैरे. ते सगळं खरंही होतं. पण त्याच्या पांघरुणावरच्या हातांकडे पाहिल्यावर ते तिच्या तोंडून निघेना.

"पेयो, मी मेलिसला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "घर पडेल की नाही हे मला कधीच माहीत नव्हतं. टेनंट सुरक्षित आहे का, हेही नाही. मी त्या दिवशी फार दमले होते. डिसेंबरात माझं काम संपणार होतं. मला वाटलं, मी घरी बसल्यावर रोज रेडिओ लावून तुमची काळजी करत बसायचं... ते मला नको होतं. तुम्ही तिथून हललात की माझं एक ओझं कमी होणार होतं. म्हणून मी तसं म्हणाले. छातीठोक."

पेयोनं मान तिच्याकडे वळवली. बाहेर कुणीतरी ढकलगाडी ढकलत गेलं.

"म्हणजे तुला झोप लागावी म्हणून मी घर सोडलं."

"हो."

"लागली का?"

"चार महिने लागली."

पेयोच्या छातीतून एक आवाज आला. नेड्रा घाबरून उठली. मग तिला कळलं, तो हसतोय आणि हसताना त्याला दुखतंय. हसू ओसरल्यावर त्यानं डोळे मिटले. त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही. डोळे न उघडताच म्हणाला, "मला घरी जायचंय. हे शिवलेलं टिकलं तर."

"ते मी सांगू शकत नाही."

"ते तुला विचारत नाहीये. जमिनीचं विचारतोय. आता काय झालंय तिथं?"

नेड्राला खोटं बोलायची, निदान मोघम बोलायची, संधी होती. "शेजारची एक भेग फाटली की आसपासच्या भेगांवरचा ताण बदलतो," ती म्हणाली. "कुठं कमी होतो, कुठं वाढतो. ऑफिसातल्या पोरांनी गणित मांडलंय. हॅलोरनवर किंचित वाढला असं दिसतंय."

"किंचित म्हणजे?"

"लोकरीनं लादलेल्या गाढवावर आणखी चिमूटभर लोकर."

"म्हणजे गाढव बसेल का?"

"माहीत नाही. आज बसेल, हजार वर्षांनी बसेल. मला माहीत नाही, पेयो. जगात कुणालाच माहीत नाही."

पेयोनं डोळे उघडले. "हे बाहेर जाऊन पोरीला सांग. असंच, जसंच्या तसं. तू दमली होतीस तेही सांग."

नेड्रा बाहेर गेली आणि तिनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. मेलिस ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "हे सप्टेंबरात सांगितलं असतंत, तर मी तरीही त्याला नेलं असतं कदाचित. पण मग ते ठरवणं माझं असतं." तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. नेड्रा त्या खुर्चीवर बसली. तासभर दोघी शेजारीशेजारी बसल्या.

पेयो टिकला. एप्रिलच्या शेवटी तो लोखंडी चौकटीच्या आधारानं चालायला लागला. मेलिसच्या घराला सरकारी माणसांनी लाल कागद चिकटवला होता, आत राहायला मनाई होती. ती शाळेच्या मैदानावर उभ्या केलेल्या फिरत्या घरात दोन खोल्यांत राहत होती, आणि शाळेचं स्वयंपाकघर आता अर्ध्या गावाला जेवू घालत होतं. बापाला ठेवायचं कुठं हा प्रश्न तिच्यापुढे आ वासून होता. तिनं नेड्राला फोन केला. आवाज कोरडाच होता. "आइता जुन्या घरी जायचं म्हणतो. मला नाही म्हणायचंही त्राण नाही. तुम्ही या. काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, ते तिथं उभं राहून सांगा. मग मी ठरवते."

मे महिन्यात तिघं तिथं जमली. घर होतं तसं होतं. मेलिसनं कपाचे तुकडे झाडून काढले. नेड्रा भिंतींच्या कडेनं फिरली, दगडांमधल्या जुन्या भेगांत बोट घालून पाहिलं, आणि मग सांगायला लागली. भेग कुठून जाते. जमीन फाटली तर साधारण कुठं फाटेल. हलणं आणि फाटणं यांत फरक काय. या भिंती हलण्यापुढेच टिकणार नाहीत, फाटायची गरजच नाही. माणूस मरतो तो डोंगर वाढतो म्हणून नव्हे, डोक्यावर जड काहीतरी असतं म्हणून. बाहेर मोकळ्यावर हलकं छप्पर असेल तर भीती फार नाही. कधी होईल, होईल की नाही, हे तिनं पुन्हा एकदा, माहीत नाही म्हणून सांगितलं.

पेयो चौकटीवर रेलून ऐकत होता. मग त्यानं गोठ्याकडे मान वळवली. "गाडा आहे की."

गोठ्यात मेंढपाळाचा जुना गाडा होता. चार चाकं, लाकडी तळ, वर कमानीवर ताणलेलं कॅनव्हास. आत एक पलंग, ओढून काढायचं टेबल, पत्र्याची बारकी शेगडी. नेवाडात आल्यावरची पहिली अकरा वर्षं पेयोनं त्या गाड्यात काढली होती. कॅनव्हास उंदरांनी कुरतडलं होतं.

"त्यात झोपणार?" मेलिस म्हणाली. "या खुब्यानं? पायऱ्या कशा चढशील?"

"तू एक पायरी कमी कर. बाकीच्या मी बघतो. दिवसा घरात तुझ्या आईच्या फोटोपाशी बसेन थोडा वेळ, निजायला गाड्यात. कोसळलं तर काय, कापड पडेल अंगावर."

मेलिसनं नेड्राकडे पाहिलं. हो म्हणावंसं नेड्राला फार वाटत होतं, ओठांवर आलं होतं, पण ती गप्प राहिली.

"दिवसा घरात पण नाही," मेलिस शेवटी म्हणाली. "घरात फक्त सामान आणायला जायचं, आणि ते मी आणणार. आईचा फोटो गाड्यात लावू."

पेयोनं तोंड वाकडं केलं. मग मान डोलावली. या वेळी वाईन ओतली नाही.

गाडा ओढून बाहेर काढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला. भेगेपासून दीडशे पावलांवर, उघड्या गवतात, तो उभा केला. नवं कॅनव्हास मेलिसनं शिवलं, नेड्रानं टोकं धरून दिली. दोघींना दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलिसनं न विचारता तिच्यासमोर मटणाचं ताट ठेवलं. नेड्रा इतकी शिणली होती की चमचा उचलायला तिला वेळ लागला.

पेयो त्या गाड्यात दोन उन्हाळे राहिला. शेजाऱ्यानं त्याला सहा मेंढ्या परत दिल्या, त्या गाड्याभोवती चरायच्या. थंडी पडली की मेलिस त्याला टेनंटला न्यायची, दुरुस्त केलेल्या घरात. तिनं धुराडं पत्र्याचं करून घेतलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच घरात, न्यूमोनियानं, पेयो गेला. हॅलोरन तोवर हलला नव्हता.

मातीला नेड्रा आली होती. सगळे जेवून पांगल्यावर मेलिसनं तिला थांबवून घेतलं. "ते दगडी घर," ती म्हणाली. "माझा मुलगा म्हणतो, तिथं उन्हाळ्यात राहायला जावं. मी काय करू? पाडू? ठेवू?"

"ते मी सांगणार नाही," नेड्रा म्हणाली. "माहीत आहे तेवढं सांगते."

आणि तिनं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, कंटाळा न करता. कॉफी गार झाली. मेलिसनं तीनदा मधे थांबवून विचारलं, दोनदा नेड्राला माहीत नाही म्हणावं लागलं. शेवटी मेलिस म्हणाली की घर राहू दे, पण त्यात गवताच्या पेंढ्या आणि खोगिरं ठेवायची, माणूस नाही निजवायचा. मुलाला मी समजावते.

बाहेर अंधारून आलं होतं. मेलिसनं एक अख्खा पाव कापडात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि गाडीपर्यंत सोडायला आली. ऑक्सबोच्या टेकड्यांच्या पायथ्याला नव्या कड्याची फिकट रेघ अजून दिसत होती, गवत अजून तिच्यावर चढलं नव्हतं. नेड्रानं गाडी सुरू केली. रीनो सहा तास होतं. अर्ध्या वाटेवर तिनं गुडघ्यांना आराम म्हणून गाडी कडेला घेतली, पावाचा एक तुकडा मोडून खाल्ला, आणि सीट मागे टाकून थोडा वेळ डोळे मिटले.